विल्फच्या बंदुकीला मी पॉलिश केलं

एअर रायफल कशी निवडावी आणि कशी सांभाळावी, हे आमच्या खोऱ्यात मला विचारल्याशिवाय कुणी ठरवत नव्हतं! गेल्या सप्टेंबरपर्यंत नव्हतं. आता कुणी विचारत नाही. का विचारत नाही, तेच सांगायला बसलोय.

मी डेरेक इव्हसन. तीस वर्षं यॉर्कशरच्या या डोंगरांत पत्रं वाटली, आता निवृत्त. पबमध्ये एखादा नवा गडी "सशांसाठी बंदूक घ्यायचीय" असं म्हणाला, की सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळायची. मी ग्लास खाली ठेवायचो आणि सुरू व्हायचो. "आधी वजन बघ. दुकानात सगळ्याच हलक्या वाटतात. तासभर ओल्या गवतात पालथा पड, मग कळेल. डोळे मिटून खांद्याला लाव, मग उघड. नळीचं टोक आपसूक नजरेसमोर आलं, तर ती तुझी. छर्रे एकाच डब्यातले वापर, रोज नवे करून बघू नकोस. आणि तीस पावलांच्या पलीकडचा ससा दिसला, तर त्याला टोपी काढून नमस्कार कर आणि घरी ये. जखमी करून सोडायचा नाही!"

माझा स्वतःचा नेम कसा आहे, हे कुणी विचारत नसे. मीही विषय काढत नसे.

माझी बंदूक मात्र बघण्यासारखी! आरशासारखी लख्ख. दर रविवारी पुसायची, तेल द्यायचं, मऊ फडक्यात गुंडाळायची. पाऊस असला की बाहेर काढायची नाही. आणि आमच्याकडे पाऊस नाही असे दिवस वर्षातून अकरा. ब्रेंडा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "डेरेक, या बंदुकीने तू आजवर फक्त धूळ मारलीस."

याच्या अगदी उलट विल्फ आल्डरसनची बंदूक. विल्फ एक्याऐंशीचा. त्याच्या शेतावर मी बावीस वर्षं सशांमागे जातोय. कागद नाही, सही नाही. त्याने एकदा माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "ये हवं तेव्हा. फाटक तेवढं लावून घेत जा." झालं! आमच्याकडे शेतावर जायची अशी परवानगी मिळणं म्हणजे मोठा मान. माणसं मरताना मुलांना घर देतात, शेताची परवानगी देऊ शकत नाहीत.

तर विल्फची बंदूक. स्वयंपाकघराच्या दारामागे, छत्री आणि झाडू यांच्या मध्ये उभी. नळी तपकिरी झालेली, लाकडी दस्ता काळाकुट्ट, ओरखडेच ओरखडे. चाळीस वर्षांत तिला कुणी फडकं दाखवलं नसेल. आणि म्हातारा दारातूनच ती उचलायचा, खांद्याला लावायचा, टक्! रात्रीच्या जेवणाला ससा तयार. माझा फार जीव जळायचा. नेमामुळे नव्हे हो, त्या दस्त्यामुळे!

गेल्या सप्टेंबरात विल्फ स्वतः काठी टेकत माझ्या दारी आला. बंदूक काखेत.

"पोरा," तो म्हणाला. मी सहासष्ट वर्षांचा आहे, पण त्याच्या लेखी पोरच. "सोमवारी मला हॅरोगेटला नेतायत. मुलीकडे. मुलाला, कॉलिनला, शेत दिलं. गुडघे संपले, बोटं संपली, डॉक्टर म्हणतो आता बास."

"चहा घेता?" मी विचारलं. आमच्याकडे काही सुचलं नाही की हेच विचारतात.

"नको. ऐक. शनिवारी संध्याकाळी वरच्या कुरणात एक ससा मारायचाय मला. शेवटचा. माझ्या हाताने, माझ्या बंदुकीने. मग रस्सा करायचा, खायचा आणि जायचं. पण हिच्यात जोर राहिला नाही. आतला चामड्याचा वॉशर वाळलाय. तेवढा बदलून दे. तेलाचे दोन थेंब. बस्स! दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही."

"विल्फ, तुम्ही अगदी निश्चिंत राहा!"

"तू असं म्हणालास की मला काळजी वाटते," म्हातारा म्हणाला आणि गेला.

वॉशर बदलायला मला चाळीस मिनिटं लागली. मंगळवारचे अकरा वाजले होते. शनिवारपर्यंत बंदूक माझ्याकडे. समोर तो काळाकुट्ट दस्ता. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसाने काय करावं?

"त्यांनी सांगितलंय तेवढंच कर," ब्रेंडा दारातून म्हणाली.

"अगं, म्हातारा शेवटची शिकार करतोय. बंदूक नवरीसारखी दिसायला नको?"

"त्यांना नवरी हवी असती तर त्यांनी तसं सांगितलं असतं."

मी दार लावून घेतलं. आधी खरबरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. आतून काय सुंदर अक्रोडाचं लाकूड निघालं! दस्त्याच्या अरुंद भागावर, जिथे अंगठा येतो, तिथे चार खोल खाचा होत्या. कुठे तरी आपटली असणार. लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून मी त्या बुजवल्या, घासल्या. कुठे होत्या ते मलाही सांगता येईना! वर व्हार्निशचे तीन हात. नळीवरचा गंज काढून ती निळीशार केली. मग तेलाकडे वळलो. दोन थेंब सांगितले होते. चाळीस वर्षं उपाशी असलेल्या यंत्राला दोन थेंब? मी मन मोठं केलं. अर्धी बाटली आत गेली.

एकदा झाडून बघायला हवी होती, हे मलाही कळतं. नव्या माणसाला मी हाच सल्ला देतो. पण छर्रा झाडला असता तर नळीच्या तोंडाला शिशाचा डाग लागला असता. माझं मन धजलं नाही.

शनिवारी संध्याकाळी ब्रेंडाने गाजरं, बटाटे चिरून भांडं तयार ठेवलं. बंदूक मी तिच्या नव्या टॉवेलमध्ये गुंडाळली आणि दोन्ही हातांवर बाळासारखी घेऊन वरच्या कुरणात गेलो. दोन्ही हात अडकलेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा फाटक लावायचं राहिलं.

विल्फ दगडी भिंतीआड छोट्या स्टुलावर बसला होता. समोर वीस पावलांवर उतार, काटेरी झुडपं आणि सशांची बिळं. मी टॉवेल बाजूला केला.

"ही कुणाची?" विल्फने विचारलं.

"तुमची!" मी इतका हसलो की गाल दुखले.

त्याने बंदूक घेतली. खांद्याला लावली, खाली घेतली, परत लावली. त्याचा वाकडा अंगठा दस्त्यावर फिरत राहिला. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"फ्लॉस कुठे गेली?" तो म्हणाला.

फ्लॉस ही त्याची टेरिअर कुत्री. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती. म्हाताऱ्याचं डोकं चाललं वाटतं, जायच्या दोन दिवस आधी! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणालो, "विल्फ, फ्लॉस आता नाही. ती गेली."

"ते मला माहीत आहे, गाढवा! मीच पुरलंय तिला! तिचे दात कुठे गेले?"

"दात?"

"इथे. चार दात. पिल्लू होती तेव्हा कडकडून चावली होती. अंगठा त्याच खाचांत बसायचा माझा. बोटं वाकडी झाली तरी तिथे बरोबर बसायचा. त्याच्यावरच तर नेम लागायचा."

बुजवल्या, घासल्या आणि वर व्हार्निश, असं सगळं एका दमात सांगायचं होतं मला. पण तेवढ्यात झुडपाखालून एक ससा बाहेर आला. टपोरा, अगदी मनासारखा. बसला आणि कान खाजवू लागला.

"श्श!" विल्फ म्हणाला. "नळी मोड."

त्याच्या बोटांत आता ती ताकद नव्हती. मी नळी बिजागरीवर खाली दुमडून स्प्रिंग चढवली, छर्रा घातला, बंदूक त्याच्या हातात दिली. व्हार्निशवर त्याचा हात घसरत होता. त्याने श्वास रोखला. मीही रोखला. सशाने सुद्धा रोखला असावा. विल्फने चाप ओढला.

ढाण्ण!!!

एअर रायफल टक् करते. ही तोफेसारखी वाजली! आतलं माझं अर्धी बाटली तेल दाबाने पेटलं होतं. नळीतून निळा धूर, वडे तळल्यासारखा वास, आतल्या स्प्रिंगचा कडकन तुकडा. विल्फची टोपी भिंतीपलीकडे. ससा कुठे गेला ते त्यालाच ठाऊक. उतारावरचे पांढऱ्या शेपट्यांचे तीस-चाळीस ठिपके एका क्षणात जमिनीत गडप! आणि पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्यांनी ठरवलं की जगबुडी आली. त्या निघाल्या. फाटक उघडंच होतं!

कॉलिन अर्ध्या गालाला साबण लावलेला, घरातून पळत आला. "फाटक कुणी उघडं ठेवलं?"

"मी," मी म्हणालो.

"गॅसची टाकी उडाली का?"

"नाही. तेही मीच."

अंधार पडेपर्यंत आम्ही मेंढ्या गोळा करत होतो. त्यातल्या अकरा बोलिंग क्लबच्या, म्हणजे गवतावर लाकडी गोळे घरंगळवणाऱ्यांच्या, हिरवळीवर सापडल्या. त्या हिरवळीवर अध्यक्षसुद्धा बूट काढून जातात! विल्फ तेवढा वेळ स्टुलावर बसून होता. ससे कधीतरी परत येतील म्हणून. आले नाहीत. कॉलिन त्याला हात धरून घरी घेऊन आला.

मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. विल्फने मला शिव्या द्याव्यात, काठी फेकावी, असं मला मनापासून वाटत होतं. तो म्हणाला, "चहा घेतोस?" त्याहून वाईट काही नाही.

"विल्फ, मी ती दुरुस्त करून आणतो. नवी स्प्रिंग टाकतो. उद्या परत जाऊ."

"उद्या सगळे निरोपाला येतायत." त्याने बंदूक माझ्या हातात दिली. "ही ठेव तुझ्याकडे. ही माझी नव्हे. माझी कुठे सापडली तर कळव."

सोमवारी तो गेला. गाडीच्या काचेतून हात केला, सगळ्यांना केला तसाच मलाही. त्या रात्री ब्रेंडाने गाजर-बटाट्याचा नुसताच रस्सा वाढला. आम्ही दोघांनी तो संपवला. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. एक माणूस आयुष्यात माझ्याकडे दोन थेंब मागायला आला होता.

मग मी वेडेपणा केला. शेजारच्या थ्वेटबाईंकडे टेरिअर आहे, मेजर नावाचा. त्याने आजवर दोन खुर्च्या, एक छत्री आणि नव्या पोस्टमनची विजार खाल्ली आहे. मी बंदुकीत स्प्रिंग घातली, दस्त्याचं व्हार्निश खरवडून काढलं, अंगठ्याच्या जागी भाजलेल्या मटणाची चरबी चोळली आणि मेजरला शेडमध्ये घेतलं.

"चाव!" मी म्हणालो.

मेजरने अर्धा तास दस्ता चाटला. इतक्या मायेने, की लाकूड पुन्हा चमकायला लागलं!

"अरे, चाटू नकोस, चाव! हे बघ, असं!" आणि मी गुडघ्यांवर बसून दस्त्याला कडकडून चावलो.

दार उघडलं. ब्रेंडा होती. मी वर बघितलं. माझी वरची कवळी दस्त्यातच राहिली होती.

"मी काहीही विचारणार नाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पण खाचा पडल्या होत्या! चार. खोल. मी तशीच बंदूक पिशवीत घातली आणि बसने हॅरोगेट गाठलं. मुलीच्या बंगल्यात विल्फ खिडकीशी बसला होता. बाहेर हाताएवढी हिरवळ, सिमेंटचा एक बेडूक. ससा औषधालाही नाही. आता त्याला बंदूक झाडायला मिळणार नव्हतीच, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही. तरी त्याने ती घेतली. अंगठा दस्त्यावर फिरला आणि थांबला. खाचांत बसला. थोडा वाकडा बसला.

"हे फ्लॉसचे नाहीत."

"नाहीत."

"कुत्र्याचेच नाहीत हे."

"नाहीत."

"मग कुणाचे?"

मी खाली बघितलं. "माझे."

विल्फची मुलगी चहाचे दोन कप घेऊन आली, त्याने एक माझ्या हातात दिला. बंदूक मांडीवरच ठेवली. परत दिली नाही, हे मी हळूच टिपून ठेवलं.

"फ्लॉस चावली ना," तो म्हणाला, "तेव्हा मी तिला तासभर बाहेर पायरीवर बसवलं होतं."

मी कप घेतला, दार उघडलं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलो. थोड्या वेळाने भुरभुर पाऊस सुरू झाला. शेजारीण फाटकाशी थांबून "काही मदत हवी का?" म्हणून विचारून गेली. मी नको म्हणालो, माझी अजून पस्तीस मिनिटं उरली होती.