अभ्यासिका वाचवण्याचा ठराव

आमच्या कॉलेजला सव्वाशे वर्षं पूर्ण झाली आणि आता त्याची वाढ केली पाहिजे, असा ठराव झाला. कॉलेज शहराच्या ऐन मध्यावर. तीन बाजूंना रस्ते, चौथ्या बाजूला न्यायालय. वाढायला जागा फक्त आकाशात होती. मी तिथे चौतीस वर्षं ग्रंथपाल होते, म्हणून नियोजन समितीवर मला ‘अनुभवी व्यक्ती’ या गटातून घेतलं.

मी गेले ती एकाच कामासाठी. नातीचं याच कॉलेजात शेवटचं वर्ष, घरात दोन खोल्यांत सातजण, त्यामुळे ती जुन्या अभ्यासिकेत बसून वाचायची. निघताना म्हणाली, “आजी, बाकी काय हवं ते पाडू देत. अभ्यासिकेला हात लावू देऊ नकोस.”

मी बैठकीत तसं सांगितलं. वास्तुविशारद दुखावले. “पाडायचं कोण म्हणतंय, बाई? ती तर जपायची आहे.”

जपण्यासाठी पाहणी झाली. लाकडी जिना झिजला होता, कारण पावलं. टेबलांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, कारण कोपरं. याउलट मागची अडगळीची खोली, जिला तीस वर्षं कुलूप होतं, उत्तम स्थितीत आढळली. वास्तूला मुख्य धोका विद्यार्थ्यांपासून आहे, असा निष्कर्ष निघाला.

“मग मुलांनी बसायचं कुठे?” मी विचारलं.

“नव्या इमारतीत,” प्राचार्य म्हणाले. “सात मजली आहे.”

नकाशा उलगडला. खालचे दोन मजले गाड्यांना, मग कॉलेजच्या इतिहासाचं दालन, दोन मजली सभागृह, कार्यालय, आणि सर्वांत वर कायमस्वरूपी नियोजन विभाग.

“आणि अभ्यासिका?”

“दुसऱ्या टप्प्यात. इतकी वर्षं कॉलेज थांबलं, मुलं थोडं थांबतील की.”

‘जुनी अभ्यासिका कदापि पाडू नये’ या ठरावावर मी सही केली. मागणी माझीच होती. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

आता तिच्या दाराला काच आहे. आत दिवे लागतात, टेबलं चकचकीत असतात, माणूस एकही नसतो. नात बसथांब्यावर बसून वाचते. “वाचवलीस हं, आजी,” एवढंच म्हणाली.

जपलेल्या अभ्यासिकेच्या उद्घाटनानंतर नियमाप्रमाणे हरकतींसाठी महिनाभर मुदत दिली. सर्व माजी विद्यार्थ्यांना पत्रं गेली, म्हणजे तुम्हालाही. सहा हजार उत्तरं आली. सगळ्यांची तक्रार एकच: समोर उभं राहून फोटो काढताना काच चमकते.

तुमची तक्रार रास्त ठरली. पुढच्या आठवड्यात काच बदलतायत.