सदाशिवरावांचा बेल आणि अर्धा कप

पोट हे माणसाचं खाजगी अंग असलं, तरी त्याचा बिघाड हा सार्वजनिक विषय असतो. फुलसावंगीचे सदाशिवराव गेली अकरा वर्षं दिवसातून आठ वेळा मागच्या दारी धावत, आणि गावानं त्यांना सल्ल्याची कमतरता कधी पडू दिली नाही.

यंदा मात्र मुदत ठरली. लेक सुरभीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, एकवीस दिवसांवर, पुसदला. नवऱ्या मुलाला कुंकू लावेपर्यंत बापानं पाट सोडायचा नसतो.

"बाबा, त्या दिवशी तरी उठू नोका," सुरभी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी पाहून सदाशिवराव हादरले आणि तांड्यावरच्या जाणकार रुपीबाईंकडे गेले.

उपचार असा: कच्चं बेलफळ निखाऱ्यात भाजून गर ताकात कालवायचा, अनशापोटी घ्यायचा. "अन् चाय बंद. एक घोटबी नाई," रुपीबाईंनी बजावलं. (उपचार फुकट होता, त्यामुळे आधी कोणाचा विश्वास बसला नाही.)

पाचव्या दिवशी फेऱ्या आठवरून दोनवर आल्या. सदाशिवराव महागावच्या बाजारात सलग दोन तास उभे राहिले, ही बातमी गावभर झाली. चौकशीला आठवड्यात चौऱ्याण्णव जण आले (पोटाचे रुग्ण एकोणतीस; बाकीचे सोयाबीन सवंगून, म्हणजे कापणी उरकून, मोकळे). आलेल्याला चहा देणं हा आपल्याकडचा कायदाच. घरधनी सोबत घेत नाही, तोवर पाहुणा कपाला हात लावत नाही. पोटकलम असं, की अर्धा कप चहात मोजत नाहीत. तेव्हा बेलाचा गुण सांगता सांगता सदाशिवरावांनी रोज तेरा-चौदा अर्धे कप घेतले. पथ्याचा भंग: निरंक.

साक्षगंधाला कुंकवाचं ताट पुढं आलं, तेव्हा पाट रिकामा होता. दीडशे माणसं थांबली. सुरभीनं मान वर केली नाही. आम्हालाही खरंच वाईट वाटलं. शेवटी काकानं कुंकू लावलं.

सदाशिवराव हात पुसत परतले. "बेलात काई दम नाई."

"बेलाले कायले नावं ठेवता?" मैनाबाई नवऱ्यावर कडाडल्या. "चाय कोनं पेली?"

"चाय कुठं पेलो? अर्धा-अर्धा कप तं होता."

उपस्थितांनी बेलाला एकमतानं दोषी ठरवलं. तेवढ्यात सगळ्यांना चहा आला.

वाचकांना हसायला आमची हरकत नाही. फक्त हातातला कप आधी खाली ठेवा. (अर्धाच आहे, हे आम्हाला माहीत आहे.)