चुंबककोटातील अग्नीचा ताव मापिल्याची हकीकत

श्री तेजोनिधी समर्थ. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमीस चुंबककोटी जे वर्तमान जाहले ते सावध होऊन ऐकावे. तया राज्यातील अग्नी ऐसा की भिंतीस टेकला तर भिंत वितळे, म्हणोन चुंबकांचा घेर घालून अधांतरी कोंडिला होता. आत काही घालून मापावे तर मापच जळून जाय. सबब तावमापक निंबाजी विश्वनाथ यांणी अग्नीत प्रकाशाचा बाण सोडावा आणि आतले विद्युत्कण त्यास उधळितात तो रंग किती फाकला हे झरोक्याच्या काचेतून पाहून ताव सांगावा, आणि सगुणाबाई यांणी अग्नीचा सूक्ष्म नाद ऐकोन दुसरी साक्ष द्यावी, ऐसा शिरस्ता. दोन साक्षी जुळल्यावाचून आंच वाढवावयाची नाही, कारण दहा कोटी अंशांपुढे अग्नी बेफाम होऊन कोट खाईल.

त्या दिवशी निंबाजींनी आठ कोटी सांगितले, बाईंनीही आठच. सरकार बहुत संतोषले आणि आणिक दीड कोटींची आंच द्यावी म्हणोन हुकूम जाहला. मग निंबाजींस काचेची आठवण जाहली. काच दर पंधरवड्यास उतरवून पारखावयाची, ती यांणी घाईत दोन वेळा तशीच राहू दिली, आणि आता पाहतात तो तिजवर काजळी! ताव जितका अधिक तितका रंग निळ्याकडे फाके; काजळीने निळा रंग खाल्ला की ताव कमी दिसे. बाईंचाही आकडा आठच, मग भय कशाचे, ऐसे मनास समजाविले, तरी जीव राहीना, म्हणोन जाऊन पुसिले. बाई सहज बोलल्या, "माझा कान मी तुमच्याच आकड्यावर लावून घेते, निंबाजीराव. नेहमीचेच आहे."

काय म्हणावे या कारभारास! साक्षी दोन कसल्या, एकच, आणि तीही काजळीतून पाहणारी. निंबाजी तसेच माघारी धावले. बोलावे तर बावीस वर्षांची अब्रू जाते, न बोलावे तर कोट जातो, आणि आंचवाले तो कळ दाबावयास सरसावले. मग भर सभेत म्हणाले, "थांबवा. काच मी पारखिली नाही." सरकारांनी विचारिले, मग ताव किती? निंबाजींनी मान खाली घातली. "ठाऊक नाही."

अग्नी विझविला आणि काच पारखून गणित फिरून मांडिले, तो ताव नऊ कोटी ऐंशी लक्ष निघाला. सरकारांनी निंबाजींस दूर केले आणि दोन्ही कामे बाईंस देऊ केली. बाईंचे डोळे भरोन आले. म्हणाल्या, "मला नकोत. दोन माणसे ठेवा, एकमेकांस न विचारणारी."

येणेप्रमाणे कोट वाचला आणि निंबाजी घरी बसले. जैसे घडले तैसे लिहिले असे.