गांगुर्डेकाकांचा रिजेक्ट माल

गांगुर्डेकाका लग्नाला जाताना आहेराचं पाकीट घरी विसरतील, पण शर्टाच्या खिशातला व्हर्निअर विसरणार नाहीत. जाडी-रुंदी मोजायचं ते पोलादी माप त्यांच्या खिशात पेनाच्या जागी खोचलेलं असतं. पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात त्यांनी भर पंगतीत जिलबी उचलून तिची जाडी मोजली होती आणि वाढप्याला जवळ बोलावून विचारलं होतं, "एका ताटात तीन जाडीच्या जिलब्या? तुमच्याकडे तपासणीला कोण असतं?" तो वाढपी नेमका मुलीचा मामा निघाला. काका म्हणजे वरपक्षाचे कोणीतरी मोठे मानकरी असणार, असं समजून तो घाबरला. त्याने धावत जाऊन मठ्ठा आणला, बर्फी आणली, वर हात जोडले. काकांनी बर्फीही मोजली.

काका सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. सातपूर कॉलनीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. माझं सगळं लहानपण त्या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे गेलं. तेव्हा कॉलनीतल्या घड्याळांपेक्षा कंपन्यांच्या भोंग्यांवर लोकांचा जास्त विश्वास असे. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की पुरुषमाणसं डबे घेऊन बाहेर पडायची आणि काका सगळ्यांच्या पुढे असायचे. दिवसभर ते तिथे लोकांनी केलेला माल तपासायचे आणि संध्याकाळी घरी येऊन उरलेलं जग तपासायला घ्यायचे.

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार. पास आणि रिजेक्ट. "चालेल हा शब्द आपल्याकडे नसतो," असं ते बजावून सांगत. दूधवाल्याचं माप त्यांनी रिजेक्ट केलं. माझ्या दिवाळीच्या रांगोळीवर पट्टी ठेवून तीही रिजेक्ट केली. मला पहिलं स्थळ बघायला आलं तेव्हा बाबांनी शेजारी म्हणून काकांना बोलावलं. काका आत आलेच नाहीत. दारातल्या चपला बघत उभे राहिले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "मुलाच्या डाव्या चपलेची टाच जास्त झिजलीय. रिजेक्ट." बाबांनी हसण्यावारी नेलं, पण आईच्या मनात किंतु शिरला तो शिरलाच. ते स्थळ गेलं. पुढे माझ्या नवऱ्याच्या चपला पास झाल्या आणि मी गंगापूर रोडला राहायला गेले. आई अजून कॉलनीतल्या घरीच असते, त्यामुळे रविवारी माझी फेरी ठरलेली.

दिंडोरीला काकांची सासुरवाडी. मेव्हण्याचा द्राक्षांचा बाग. दर हंगामात तो मोटारसायकलवर पेटी बांधून बहिणीकडे आणायचा आणि काका ओसरीत पेटी उघडून एकेका मण्याला व्हर्निअर लावायचे. बारीक मणी एका ताटात, जाड दुसऱ्यात. एकदा तो वैतागून म्हणाला, "दाजी, खायाची हायेत का परदेशी पाठवायची हायेत? तिकडचा सायेबबी येवढं बघत नाय!" काकांनी शांतपणे बारीक मण्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "घे. हे तुझं."

या माणसाला जगात एकच गोष्ट मोजता आली नाही, ती म्हणजे लीलाकाकूंचा स्वयंपाक. काकू हसऱ्या, ठेंगण्या आणि भलत्याच भरभर काम करणाऱ्या. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजायला लागला की कॉलनीतल्या सगळ्या बायका, चिकात मीठ किती ते विचारायला, काकूंकडे यायच्या. काकू डबा उघडून उजव्या हाताने मीठ घ्यायच्या, मुठीतच जरा वरखाली करायच्या आणि टाकायच्या. काका उंबऱ्यात उभे. "किती ग्रॅम झालं?" "अंदाजाने." "अंदाज म्हणजे किती?" मग काकू उजवा तळवा उघडून त्यांच्या नाकासमोर धरायच्या. "हा एवढा." पदार्थ मात्र दर वेळी तसाच व्हायचा, तंतोतंत. मला वाटतं काकांनी आयुष्यात मनापासून आदर कोणाचा केला असेल तर त्या हाताचा.

आणि नेमका तोच हात गेला. काकूंना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा चालत होत्या, भिंत धरून का होईना, पण उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवलेल्या जागी राहायचा. शब्द अडखळत यायचे. डॉक्टर म्हणाले होते की डाव्या हाताला कामाला लावा, जितकं करतील तितकं बरं. पण काकूंनी बाहेरच्या खोलीत खाट धरली आणि स्वयंपाकघराकडे पाठ केली. पोळ्यांना बाई लावली. मी भेटायला गेले की विचारायचे, "काकू, कसं वाटतंय?" त्या म्हणायच्या, "छान." चहा कसा झालाय? "छान." तोंड भिंतीकडे. ज्या बाईने आख्ख्या कॉलनीला मीठ घालून दिलं तिला समोरच्या आमटीत मीठ कमी आहे हे सांगायचीसुद्धा इच्छा उरली नव्हती. मी घरी येऊन आईजवळ रडले.

काका रडले नाहीत. त्यांनी ओसरीत एक जुनं टेबल मांडलं, त्यावर वस्तू घट्ट धरून ठेवणारा लोखंडी व्हाइस बसवला आणि एका हाताने चालेल असं स्वयंपाकघर बनवायला घेतलं. खालून वर खिळे काढलेला पाट. त्यात कांदा खोचून बसवला की धरायला दुसरा हात लागत नाही. वरून मूठ असलेली गोल पात्याची सुरी, नुसती पुढे-मागे झुलवायची. ढवळताना कढई फिरू नये म्हणून शेगडीवर तिचे कान अडकवायची कडी. बरणीचं झाकण उघडायला फळीखाली ठोकलेली खाच, आतून पॉलिश पेपर लावलेली. झाकण खाचेत अडकवायचं आणि बरणी फिरवायची.

हे सगळं करून बघायचं कोणी? काकांनी स्वतःचा उजवा हात पंच्याने कमरेला बांधून घेतला. घरभर तसेच फिरायचे. सिलिंडरवाला आला, काकांनी दार उघडलं, तो दोन पावलं मागे सरला. "काका, कोणी बांधलं तुम्हाला?"

"मीच."

त्याने मान लांब करून आत कोणी चोरबीर आहे का ते बघितलं. पुढे तसेच ते भांडीबाजारात कढई घ्यायला गेले. दुकानदाराने आस्थेने विचारलं, "हाताला काय झालं?" काका म्हणाले, "काही नाही, चाचणी चालू आहे," आणि कढई मापायला पंच्यातून उजवा हात बाहेर काढला. दुकानदार बघतच राहिला. त्या काळात त्यांनी डाव्या हाताने केलेले पोहे आम्ही सगळ्यांनी खाल्लेत. कांदा एका जाडीचा असे, बाकी काही बोलण्यासारखं नसे.

दर रविवारी मी गेले की नवी वस्तू तयार असायची. काका ती काकूंच्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. काकू बघायच्या, डाव्या हाताने चाचपायच्या आणि म्हणायच्या, "रि... जेक्ट."

कढईच्या कड्या ढिल्या. रिजेक्ट. सुरीची मूठ जाड, बोटं पुरत नाहीत. रिजेक्ट. काका वस्तू उचलून ओसरीत जायचे. बरणीच्या खाचेच्या वेळी तर गंमत झाली. खाच उंच बसली होती, पण काकांना ते समजेचना. "कुठे उंच आहे? बरोबर आहे की." काकू चिडल्या. भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या, फळीखाली उभ्या राहिल्या आणि डावा हात वर करून दाखवला. चार बोटं कमी पडत होती. "दिसतंय... का?" काका चष्मा पुसत म्हणाले, "आता दिसलं."

कॉलनीत हळहळ सुरू झाली. गांगुर्डे थकला, हातातली कारागिरी गेली. माझी आई म्हणाली, "जन्मभर लोकांचा माल परत पाठवला, आता बायको वसूल करतेय." मलाही ते पटायला लागलं होतं.

मग आईचा अंगठा धरला. सांधेदुखी. लोणच्याची बरणी उघडेना. तिने भिंतीवरून हाक मारून काकांना तशीच खाच करून द्यायला सांगितली. काकांनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन आईला फळीजवळ उभं केलं, तिच्या कोपराची उंची मोजली आणि खाच बसवून दिली. पहिल्या फेरीत झाकण निघालं. आजही निघतं.

मी त्यांना फाटकाजवळ गाठलं. "काका, आईची खाच एका झटक्यात पास. काकूंच्याच प्रत्येक वस्तूत खोट कशी राहते?"

त्यांनी आधी स्वतःच्या खिडकीकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "राहत नाही. घालतो."

मी फाटकाला टेकले.

"पहिला पाट मी बिनचूक केला होता," ते म्हणाले. "कडा गोल, खिळे एका रेषेत. तिने बघितलं, छान म्हणाली आणि तोंड फिरवलं. अगं, छान म्हटलं की विषय संपला. दुसऱ्या पाटाला मात्र खरीच चूक झाली. मी उजव्या हाताचा माणूस, सवयीने खिळे डाव्या बाजूला मारले. तिला ते उलटे पडले. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! पण तिने पांघरुणातून डावा हात काढला. आपण होऊन काढला. पाट फिरवला, खिळ्यांवर बोट ठेवलं आणि रिजेक्ट म्हणाली. घरी आल्यापासून तिने मला कशालाच नाही म्हटलं नव्हतं गं. मी इथे ओसरीत येऊन बसलो. म्हटलं, बिनचूक माल आता बंद."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम. फार अवघड आहे पण. भोक वाकडं पाडायचं ठरवलं तरी हात सरळच जातो. मूठ जाड करायची म्हणून दोन दिवस नुसता बघत बसलो होतो. आमच्या जुन्या खात्यात कोणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही." आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कोणाला सांगणार नाही हे मला लगेच कबूल करावं लागलं. काकूंना तर नाहीच नाही. तेव्हा मला हसूही येत होतं आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटत होतं.

यंदा संक्रांतीनंतरच्या एका रविवारी गेले तर काकूंची खाट रिकामी. काका ओसरीच्या पायरीवर बसलेले. टेबल झाडून पुसून ठेवलेलं, व्हाइसमध्ये काही नाही. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं आणि आतून सुरीचा आवाज.

"पोळ्यांच्या बाई?"

"बंद केल्या. हिनेच सांगितलं, उद्यापासून येऊ नका."

"मग खाच पास झाली म्हणायची!"

"पास कुठे म्हणाली? शेवटची मी मुद्दाम सैल ठेवली होती. वाट बघत होतो, बोलावेल म्हणून. तर हिने फडक्याची घडी घातली आणि घट्ट करून घेतली. मला सांगितलंसुद्धा नाही." ते हसले, पण ते हसू काही पुरतं जमलं नाही. "आता काही अडत नाही तिचं. आत गेलो की मधे येऊ नका म्हणते. म्हणून इथे बसतो. इथून सगळं ऐकू येतं. कांदा झाला बघ, आता लसूण घेईल."

एवढ्यात आत मोठ्याने काहीतरी आदळलं. मी ताडकन उठले. काकांनी माझं मनगट धरलं.

"बस."

"अहो काका, पडल्या असतील!"

"परात पडली. तुझी काकू पडते तेव्हा आवाज वेगळा येतो. मला माहितीय."

त्यांनी मनगट काही सोडलं नाही. आत काहीच ऐकू येईना. काका दाराकडे बघत होते, अर्धवट उठलेले, एक हात पायरीवर टेकलेला. इतके घाबरलेले मी त्यांना दवाखान्यातही बघितलं नव्हतं. मग फरशीवर परात घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. ओट्यावर परात टेकली.

"कुणी... येऊ नका," काकूंचा आवाज आला. "पीठ... सांडलंय. मी... भरते."

काका सावकाश खाली बसले आणि माझं मनगट सोडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

बऱ्याच वेळाने भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला. एका हाताचा. दोन थापांच्या मधे फार वेळ जायचा. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. थाप पडेपर्यंत ते श्वास धरून बसत आणि पडली की सोडत.