जवसाच्या तेलातलं पिस्तूल

उत्तमरावांचा हिशोब पक्का होता. संत्र्याच्या बागेत शिरणारे रोही, म्हणजे नीलगाई, नुसत्या आवाजानं पळतील, लेकीच्या, गीतांजलीच्या लग्नात फटाक्यांचा खर्च वाचेल, आणि धामणगावचे व्याही खुशालराव पुन्हा म्हणून आवाज चढवणार नाहीत. एका पिस्तुलात एवढं सगळं!

पिस्तूलही काही असंतसं नव्हतं. एका फौजदारानं नवं घेताना अमरावतीच्या इनायतुल्लाभाईंच्या बंदुकांच्या दुकानात बदल्यात दिलेलं, मुठीत मावेल एवढं, उत्तमरावांनी विकत घेऊन आपल्या परवान्यावर रीतसर चढवलेलं. "पोलिसाच्या कमरेचं हाय! चोर निस्ता वासानं पयते!" उत्तमराव अचलपूरभर सांगत सुटले.

इनायतुल्लाभाईंनी बजावलं होतं, "राव, बंदुकीचं तेल दोन थेंब लावजा. जास्त नाई."

दोन थेंबांनी वऱ्हाडी माणसाचं समाधान होतं होय? आजोबांची बैलगाडी ज्या जवसाच्या तेलानं जन्मभर चकाकली, त्याचीच वाटी त्यांनी स्वयंपाकघरातून उचलली आणि पिस्तुलाला नवरीसारखं न्हाऊ घातलं. वर कपाटात ठेवून चांगलं महिनाभर मुरू दिलं!

"आवो, माह्या चटणीचं तेल थे!" सत्यभामाबाई ओरडल्या.

"तुले काय समजते त्यातलं?"

वरात दारात आली. साल कापसानं बुडवलेलं. म्हणून खुशालरावांनी अख्ख्या वरातीला एकच सुतळी बॉम्ब आणला होता. उत्तमरावांनी छाती फुगवली, पिस्तूल आभाळाकडे धरलं. "घ्या सलामी!" घोडा दाबला. दाबला म्हणजे काय, दाबायला गेले! तो खिळ्यासारखा घट्ट.

तेवढ्यात मांडवामागे खुशालरावांचा बॉम्ब फुटला. धडाम्!

बँडवाले ढोलामागे लपले, नवरदेवाचा घोडा नवरदेवासकट परतवाड्याच्या रस्त्याला लागला! उत्तमरावांनाही वाटलं, आपलंच वाजलं. मिशीला पीळ देतात तोच खांद्यावर हात पडला. खुशालरावांचे पाहुणे, ठाणेदार!

"भरवस्तीत गोळी? परवाना तर गेलाच. चला ठाण्यात!"

"साहेब, थो बॉम्ब होता!"

"मंग मिशी काहून पिळून राहिले होते?"

याला एकच उत्तर होतं, आणि नेमकं तेच खुशालरावांच्या तोंडावर द्यायचं होतं. बोहल्याकडे पाहून उत्तमरावांनी ते गिळता गिळता बाहेर काढलं. "साहेब... हे वाजतच नाई."

ठाणेदारांनी खटका ओढून पाहिला. हलेना. पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचला. ढिम्म! जेवायला आलेले इनायतुल्लाभाई पुढे झाले, त्यांनी वास घेतला.

"या अल्ला! जवस! साहेब, याचं तर वाळून रोगन होते, लाकडाच्या पॉलिशवानी. सगळं चिपकलं. गोळी वर चढलीच नाई, वाजन कुठून?"

ठाणेदार हसून हसून खुर्चीत कोसळले. "जा, अक्षता टाका! अशा पिस्तुलाले परवाना तरी कायले लागते?"

उत्तमरावांनी असा सुस्कारा सोडला, की मांडवाची झालर हलली. घोडाही नवरदेवासकट सापडला, कोणाच्या तरी तुरीत चरताना. लग्न लागलं. खुशालराव मात्र पंगतीत मोठ्यानं म्हणाले, "व्याही, चटणीले तेल हाय ना घरात?"

शेवटी हिशोब जुळला तो असा. पैसे उत्तमरावांचे गेले, तेल सत्यभामाबाईंचं, बॉम्ब खुशालरावांचा.

आणि रोही? सगळं गाव मांडवात होतं ना! ते बागेत निवांत संत्री खाऊन गेले. फुकट!