टेंभ्यांची बागेश्री

आमचे शेजारी टेंभे रोज सकाळी आंघोळ झाली की अंगणातल्या तुळशीला तांब्याभर पाणी घालतात. नवा माणूस हे पाहून भारावतो. माधव नगरात अजून असे भाविक पुरुष उरले आहेत, असं त्याला वाटतं. मी त्याचा गैरसमज दूर करत नाही. टेंभ्यांच्या रेकॉर्ड प्लेअरची अर्थिंगची तार त्या तुळशीच्या मुळाशी पुरलेली आहे, आणि माती ओली असली की स्पीकरमधली घूं कमी होते. पूजेचा अर्थ एवढाच. पुढे कुणीतरी त्यांना सांगितलं की अर्थिंगला मीठ आणि कोळसा घालावा लागतो. टेंभ्यांनी दोन्ही घातलं. घूं राहिली, तुळस गेली.

"उसमें क्या है, दुसरी लावू," टेंभे म्हणाले. टेंभेवहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. घरात आलेली ती शांतता नव्या वायरींची करामत आहे, असं टेंभे मला कौतुकानं सांगत होते.

हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे एक साधा रेकॉर्ड प्लेअर होता. तो चांगला वाजत असे, आणि टेंभ्यांना नेमकं तेच सहन झालं नाही. त्यांनी आधी सुई बदलली. नव्या सुईला जुना अँप्लिफायर शोभेना, म्हणून तो बदलला. नव्या अँप्लिफायरला जुने स्पीकर पेलेनात, म्हणून कपाटाएवढे दोन स्पीकर आले. एवढ्या मोठ्या स्पीकरांतून जुन्या प्लेअरचे दोष ऐकू येऊ लागले, म्हणून प्लेअर गेला. मग नव्या प्लेअरला ती सुई चालेना. बैलाला घाण्याभोवती फिरताना निदान डोळ्यांवर झापड असते. टेंभे उघड्या डोळ्यांनी फिरतात आणि त्याला 'अपग्रेड' म्हणतात.

प्लेअरला खालचे हादरे लागू नयेत म्हणून त्यांनी वहिनींचा पाटा उचलून त्याच्याखाली घातला.

"आणि मी चटणी कशावर वाटू? तुमच्या डोक्यावर?" वहिनींनी विचारलं.

"मिक्सर आहे ना!"

"मिक्सर लावला की तुम्हीच ओरडता, लाइन खराब होते म्हणून!"

टेंभ्यांना हा मुद्दा पटला. त्या घरात चटणी बंद झाली.

त्यांच्या बैठकीत ऐकायची जागा एकच, कारण दोन्ही स्पीकरांचा आवाज म्हणे तिथेच नीट मिळतो. तिथल्या खुर्चीत ते स्वतः बसतात. पाहुण्यानं मागे उभं राहायचं आणि बोलायचं नाही. एवढं करून ऐकायला काय मिळतं? दोन-तीन मिनिटं. सूर लागतो न लागतो तोच टेंभे ताडकन उठतात, सुई उचलतात आणि दुःखी चेहऱ्यानं म्हणतात, "नाही सर, आवाजावरचा पर्दा अजून हटला नाही." मग स्पीकर बोटभर पुढे, बोटभर मागे, आणि तबकडी पुन्हा पहिल्यापासून. त्या खुर्चीत बसून या माणसानं गेल्या कित्येक वर्षांत एक तबकडी शेवटपर्यंत ऐकली असेल, असं मला वाटत नाही. गाणं त्यांच्या लेखी मशीन तपासायचं साधन आहे.

मी या खुळाकडे दुर्लक्ष केलं असतं. मला पुस्तकं पुरतात. पण त्यांच्या बैठकीची आणि आमच्या आतल्या खोलीची भिंत एकच आहे, आणि त्या भिंतीला लागून माझ्या पत्नीचा, सुमनचा पलंग होता. शेवटचं वर्ष ती त्या पलंगावरच होती. आता ती नाही.

टेंभे मशीन तपासायला नेहमी एकच तबकडी लावत, एका गायिकेची बागेश्री. सुमन तरुणपणी गाणं शिकलेली. भिंतीपलीकडे आलाप सुरू झाला की ती डोळे मिटून घेई. विलंबित जरा कुठे रंगू लागलं की खट्, सुई वर. महिनोन् महिने हेच. टेंभ्यांच्या घरातली बागेश्री कधी द्रुतापर्यंत पोचलीच नाही.

"एकदा तरी पुढची ऐकायला मिळेल का हो?" सुमन मला म्हणाली. "घाई आहे म्हणून विचारते."

मी मोबाईलवर शोधून दिली. तिनं थोडी ऐकली आणि फोन परत केला. "ही नाही. ती पलीकडची."

मग मी टेंभ्यांकडे गेलो. ते अक्षरशः दचकले. "सुमनवहिनींना अशी आधीअधुरी सिस्टीम ऐकवू? छे छे, सर! बाहेरून नवी सुई मागवलीय. ती आली की पूरी बाजू लावतो, वचन."

मी घरी येऊन सांगितलं. सुमन म्हणाली, "त्यांना म्हणावं, मला पडद्यासकट चालेल."

हा निरोपही मी पोचवला. टेंभ्यांना तो विनोद वाटला. आपण कुणाला वाट पाहायला लावतो आहोत, हे त्या माणसाच्या डोक्यात शिरत नव्हतं. सुई आली. मग ती अँप्लिफायरला मानवेना, म्हणून तो खोलून ठेवला. त्याच सुमारास डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता दवाखान्यात हलवण्यात अर्थ नाही. हे मी टेंभेवहिनींना सांगितलं. वहिनींनी आपल्या घरात काय सांगितलं, ते भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच दुपारी टेंभे प्लेअर छातीशी धरून आमच्या दारात उभे राहिले. मागे वहिनी, त्यांच्या हातात कॉलनीच्या गणपतीतला अँप्लिफायर आणि एकच छोटा स्पीकर. औषधांच्या डगमगत्या टेबलावर हे सगळं मांडलं. आवाज भयंकर होता. घूं तर होतीच, वर खरखर. टेंभे स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. खरखर वाढली की ते अर्धे उठत. "बसा," वहिनी दातांतून म्हणत. ते बसत.

विलंबित संपलं. द्रुत सुरू झालं तशी सुमनची बोटं चादरीवर हलली. "आली एकदाची," ती म्हणाली.

तबकडी संपली आणि सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत खरखरत फिरू लागली. तिचं टोक अशानं झिजतं. एरवी टेंभ्यांनी झेप घेतली असती. सुमनला झोप लागली होती. कपाळावर आठी नसलेली झोप मी फार दिवसांनी पाहत होतो.

"बंद करू का हो?" वहिनींनी हळूच विचारलं.

"राहू दे," टेंभे कुजबुजले. "उचलताना खट् होतं."

आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. सुई झिजत राहिली.