शिंप्याला कोण दोरा शिकवणार!

दोऱ्याच्या बाबतीत मास्तरांचा शब्द शेवटचा होता, आणि हे खुद्द मास्तरच सांगत असल्यामुळे वादाला जागाच नव्हती. एकतीस वर्षं ते कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे शिवत होते. डोळे मिटून, नुसत्या चिमटीनं चाचपून दोरा सुती की रेशमी ते सांगायचे. घरात मीठ कुठल्या डब्यात आहे, हे मात्र त्यांना डोळे उघडे ठेवूनही सांगता येत नसे.

मुलाचं लग्न झालं आणि मास्तरांना व्याही मिळाले ते मासेमारीच्या नादातले. गृहस्थ जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे शब्दही मोजूनच वापरायचे. दर रविवारी तळ्यावर बसून कार्प मासा पकडायचा, त्याचं वजन करायचं आणि त्याला परत पाण्यात सोडायचं, हा त्यांचा छंद.

"म्हणजे शिवायचं आणि उसवायचं!" मास्तर म्हणाले.

व्याह्यांनी हे मनाला लावून घेतलं नाही. जेवताना त्यांनी सहज सांगितलं, "गेल्या रविवारी मोठा मासा लागला होता. दोरी तुटली."

"तुटणारच!" मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. "व्याहीबुवा, दोरा निवडायला नजर लागते. शिंप्याला विचारायचं होतंत!"

मास्तरांच्या बायकोनं टेबलाखालून पाय मारला. तो विहीणबाईंना लागला.

"माझ्याकडं गळाच्या काठीचं एक जादा रीळ आहे, रिकामं," व्याही शांतपणे म्हणाले. "दोरी तुम्ही निवडा. रविवारी सगळेच या."

दुसऱ्या दिवशी मास्तर रीळ घेऊन मासेमारीच्या सामानाच्या दुकानात हजर झाले. काउंटरवर चष्मेवाल्या बाई होत्या.

"कार्पसाठी ना? मग ही एकपदरी नायलॉनची न्या. जरा ताणते, त्यामुळं माशानं हिसडा दिला तरी सांभाळून घेते."

"ताणते?" मास्तरांना धक्का बसला. "ताई, ताणणारा दोरा म्हणजे उद्या उसवणारी शिलाई! थांबा, मीच पारख करतो."

पारख म्हणजे काय, तर दोरा दाताखाली धरायचा. नायलॉनची दोरी चावली, कट्! "बाद!" तिच्याहून जाड चावली, कट्! "हीपण बाद!" मग त्यांनी तिसरी उचलली. ती बारीक तंतूंची विणलेली होती, अगदी बटणाच्या दोऱ्यासारखी देखणी. मास्तरांनी ती चावली. पुन्हा चावली. तिसऱ्यांदा दोरी तुटली नाही, पण दाताचा टवका उडाला.

"पास!" टवका खिशात टाकत मास्तर म्हणाले.

"ही फार निसरडी असते हो," बाई म्हणाल्या. "आधी रिळाच्या तळाला थोडी नायलॉनची गुंडाळून घ्या, नाहीतर सगळा गठ्ठा जागच्या जागी फिरेल. आणि टोकाला गाठ मारा."

"एकतीस वर्षं बॉबिन भरतोय. बॉबिनला कुणी गाठ मारतं का?"

बाईंनी चष्मा पुसला आणि दोरी पिशवीत घातली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण तो शहाण्याला.

रविवारी दोन्ही कुटुंबं तळ्यावर जमली. बायका सतरंजीवर बसल्या. मास्तर स्वतः शिवलेलं लोकरी जाकीट घालून काठाशी उभे राहिले आणि त्यांनी गळ फेकला. व्याह्यांनी रिळावरची दोरी एकदा नखानं दाबून पाहिली आणि पिशवीतून वजनकाटा काढून ठेवला.

तासाभरात काठी वाकली!

"लागला!" मास्तर किंचाळले. "व्याहीबुवा, बघा! याला म्हणतात दोरा!"

त्यांनी हँडल फिरवलं. मासा जवळ येईना. आणखी जोरात फिरवलं. दोरीचा अख्खा गठ्ठाच रिळावर गरगर फिरायला लागला, आणि मासा आपला निघाला पलीकडच्या काठाला! मास्तरांनी काठी व्याह्यांच्या हातात कोंबली आणि दोरी मुठीत धरली. ती ब्लेडसारखी बोटात रुतली. "आई गं!" म्हणत त्यांनी शिंप्याला सुचेल तेच केलं. दोरीचे चार वेढे जाकिटाच्या मधल्या बटणाला घट्ट मारले.

माशानं हिसडा दिला. मास्तर घोट्यापर्यंत पाण्यात गेले.

"अहो, कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"मी निघालो नाही, मला नेतायत!"

दुसरा हिसडा. गुडघे. तिसरा. कंबर! दोरी तुटेना, कारण ती मास्तरांनी निवडली होती. बटण तुटेना, कारण ते दुहेरी दोऱ्याला मेण लावून मास्तरांनीच शिवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते मनापासून प्रार्थना करत होते, की आपली शिलाई उसवू दे!

"कात्री! कुणीतरी कात्री द्या!"

"शिंपी तुम्ही," काठावरून विहीणबाई म्हणाल्या. टेबलाखालची लाथ त्या विसरल्या नसाव्यात.

पाणी छातीला लागलं तेव्हा व्याही बोलले. तीनच शब्द.

"मास्तर, जाकीट काढा."

मास्तरांनी जाकीट काढलं. ते दोन्ही बाह्या पसरून, एखाद्या पाहुण्यासारखं ऐटीत तळ्यातून निघालं. मागोमाग रिळावरची उरलेली दोरीही सरसर गेली, आणि टोकाला गाठ नसल्यामुळं कुणाचाही निरोप न घेता गेली.

मास्तर अंगाभोवती सतरंजी गुंडाळून कुडकुडत बसले. कुणीही हसलं नाही. सगळे इतक्या निकरानं हसत नव्हते, की त्यापेक्षा हसले असते तर बरं, असं मास्तरांना वाटलं.

अर्ध्या तासानं एक नावाडी नाव वल्हवत आला. त्याच्या जाळीत दमलेला, भला थोरला कार्प होता आणि हातात ओलं जाकीट. व्याह्यांनी माशाचं वजन केलं, अकरा किलो भरलं. त्यांनी गळ अलगद काढून मासा पाण्यात सोडला.

नावाडी मात्र जाकीटच उलटसुलट करून बघत होता.

"काय शिवलंय हो!" तो म्हणाला. "एवढ्या धुडानं तळंभर ओढलं, पण एक टाका हलला नाही! अशी शिलाई मी जन्मात पाहिली नाही. कुठल्या शिंप्याचं काम हे?"

व्याह्यांनी मास्तरांकडं पाहिलं. बायकोनं पाहिलं. विहीणबाईंनी तर वळून पाहिलं.

मास्तरांनी सतरंजी नाकापर्यंत ओढून घेतली.

"रेडीमेड आहे," ते म्हणाले.